माती, मॅट आणि नवा संघ

२६ जुलै २०१४ च्या रात्री मी तिसरीत शिकणारी पोर होते. शेजारच्या काकांच्या ओसरीवर, चपलांच्या ढिगाजवळ का होईना, बसायला जागा मिळाली म्हणून मी खूष होते. आत दूरचित्रवाणी संचावर मुंबईतील वरळीचे बंदिस्त क्रीडागृह दिसत होते. दिव्यांचा नुसता लखलखाट, ढोलताशे, प्रेक्षकांत सिनेमातली मंडळी, आणि मधोमध रंगीत मॅटवर चौदा गडी. प्रो कबड्डी लीगचा तो पहिलावहिला सामना. एका बाजूला यू मुंबा, दुसऱ्या बाजूला जयपूर पिंक पँथर्स. आमचे आजोबा बराच वेळ डोळे बारीक करून पाहत राहिले आणि शेवटी म्हणाले, "हे तं आपलं हुतुतूच हाय वं! याले एवढे दिवे कायले?"

सगळे हसले. मीही हसले. यू मुंबाने तो सामना ४५-३१ असा जिंकला आणि दुसऱ्या दिवशी जानेफळच्या गल्लीत आम्ही पोरापोरींनी मातीत काडीने रेघा ओढल्या. आजोबांचा प्रश्न मात्र माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही. एवढे दिवे कशाला? त्या दिव्यांचा उजेड नेमका कोणावर पडला? ह्या लेखात त्याच प्रश्नाशी झटापट करण्याचा विचार आहे. कबड्डी हा काही आपल्या महाविद्यालयात अभ्यासाला असलेला विषय नव्हे, त्यामुळे विद्वत्तेची अपेक्षा कोणी ठेवू नये.

आधी त्या नव्या संघांचा जन्म कसा झाला ते सांगते. चारू शर्मा आणि आनंद महिंद्रा ह्यांच्या कल्पनेतून लीग निघाली. आठ शहरांचे आठ संघ ठरले. त्यांतले दोन महाराष्ट्राचे, मुंबईचा यू मुंबा आणि पुण्याची पुणेरी पलटण. मे २०१४ मध्ये खेळाडूंचा लिलाव झाला. लिलाव हा शब्द ऐकून आमच्याकडच्या जुन्या माणसांना बैलबाजार आठवला आणि त्यांनी नाके मुरडली. माणसावर बोली लावायची म्हणजे काय! भारताचा कर्णधार राहिलेल्या राकेशकुमारवर सर्वांत मोठी बोली लागली, १२ लाख ८० हजार रुपये. पाटण्याच्या संघाने त्याला घेतले. क्रिकेटच्या लिलावातले आकडे ज्यांना पाठ होते त्यांना ही रक्कम किरकोळ वाटली. पण जन्मभर ढाल, शाल आणि नारळ ह्यांच्यावर खेळलेल्या माणसांना ती किती वाटली असेल ह्याचा विचार करावा. पुढे २०१८ मध्ये मोनू गोयतने दीड कोटीचा टप्पा ओलांडला आणि २०२३ मध्ये पवन सेहरावतला तेलुगू टायटन्सने २ कोटी ६० लाखांवर रक्कम मोजून घेतले. पहिल्याच हंगामात सुमारे ४३ कोटी प्रेक्षकांनी सामने पाहिले असे तेव्हा प्रसिद्ध झाले होते. त्यात आमच्या ओसरीवरचे पंधरावीस जण धरले होते की नाही, देव जाणे.

ह्या पैशावर आपल्याकडे दोन मते आहेत. आमच्या एका सरांचे म्हणणे असे की खेळात पैसा आला की खेळ संपतो आणि उरतो तो तमाशा. खेळ हौसेने खेळावा. मी सरांचा आदर करते, पण हे मला पटत नाही. हौस ही ज्याच्या घरी संध्याकाळची चूल बिनघोर पेटते त्याची चैन असते. कबड्डीच्या राष्ट्रीय महासंघाची स्थापना १९७२ ची, आणि त्याच्या इंग्रजी नावातच 'अमॅच्युअर' म्हणजे हौशी हा शब्द होता. पण त्या हौशी खेळाडूंचे पोट कशावर चालत होते? रेल्वे, पोलीस, बँका, पेट्रोलियम कंपन्या ह्यांच्या संघांवर. खेळामुळे नोकरी मिळायची आणि नोकरीमुळे खेळ टिकायचा. म्हणजे खेळाडू तेव्हाही खेळावरच जगत होता, फक्त ते उघड बोलायचे नाही असा रिवाज होता.

ह्या बाबतीत दूरदेशीची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. उत्तर अमेरिकेत लॅक्रॉस नावाचा खेळ आहे. लांब काठीच्या टोकाला जाळी असते, तिने चेंडू झेलायचा, फेकायचा आणि गोल करायचा. खेळ मूळचा तिथल्या आदिवासींचा, होडेनोशोनी वगैरे लोकांचा. ते त्याला देवाने दिलेला खेळ मानतात. १८६७ साली माँट्रियलच्या एका दंतवैद्याने, जॉर्ज बीअर्स ह्यांनी, त्याचे नियम लिहून काढले आणि तो शहरी साहेबांचा खेळ झाला. आदिवासी खेळाडूंना प्रवासाचा खर्च परवडत नसे म्हणून ते खेळण्याचे पैसे घेत. तेवढ्यावरून १८८० साली त्यांच्यावर 'व्यावसायिक' असा शिक्का मारला गेला आणि कॅनडाच्या संघटनेच्या स्पर्धांतून त्यांना दूर ठेवले गेले. ज्यांचा खेळ तेच बाहेर! आता तिकडे लॅक्रॉसचे व्यावसायिक संघ आहेत, नवे नवे निघतात, आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये त्या खेळाचा पुन्हा समावेश झाला आहे. मला ह्यातून एवढेच दिसते की 'पैशासाठी खेळतो' ही शिवी नेहमी वरच्यांनी खालच्यांना दिलेली असते.

तेव्हा पैसा आला ह्याचे मला दुःख नाही. माझी तक्रार वेगळी होती, आणि ती मी बरीच वर्षे उराशी बाळगली. संघाला नाव आमच्या मुंबईचे, आमच्या पुण्याचे, आणि खेळणारे कोण? यू मुंबाचा पहिला कर्णधार अनुपकुमार हरयाणाचा. मोहित छिल्लर दिल्लीचा, सुरेंदर नाडा हरयाणाचाच. जीवाकुमार तमिळनाडूचा. आपले म्हणावेत असे रिशांक देवाडिगा, विशाल माने होते, पण ते मुंबईच्या मैदानांवर वाढलेले. विदर्भाचे नाव तर त्या यादीत आम्ही बोट ठेवून शोधले तरी सापडले नाही. दहावीत असताना ह्याच विषयावर मी वक्तृत्व स्पर्धेत तावातावाने बोलले होते आणि उत्तेजनार्थ बक्षीसही मिळवले होते. आज ते भाषण मला अर्धवट वाटते. का, ते त्या दोन संघांच्या पुढच्या हकिकतीतच आहे.

यू मुंबा पहिल्या वर्षी अंतिम फेरीत पोहोचला. ३१ ऑगस्ट २०१४ रोजी घरच्याच मैदानावर अंतिम सामना झाला, आणि पहिल्या सामन्यात ज्याला लोळवले त्याच जयपूरकडून ३५-२४ अशी हार खाल्ली. पुढच्या वर्षी त्यांनी बंगळुरूला ३६-३० ने हरवून विजेतेपद घेतले. २०१६ च्या आरंभी तिसऱ्या हंगामात पुन्हा अंतिम फेरी, पुन्हा हार, ह्यावेळी पाटण्याकडून, ३१-२८. तीन हंगाम, तीन अंतिम सामने! अनुपकुमारचा तो शांतपणा, दमाने जाऊन बोनस रेषेला पाय लावून परत येणे, हे पाहून आमच्या गावातली निम्मी पोरे त्याच्यासारखी उभी राहायला शिकली. त्याच काळात पुणेरी पलटण काय करीत होती? पहिल्या दोन्ही हंगामांत तळाला. नाव पलटण, आणि रोज माघार. चेष्टा करणाऱ्यांना नुसते रान मोकळे.

त्या दिवसांवरून कोणीही म्हणाले असते की संघ कसा उभारावा हे मुंबईने दाखवले आणि पुण्याला जमले नाही. पण पुणेरी पलटणीने पुढे 'युवा पलटण' नावाने तरुण मुले हाताशी धरून घडवायला घेतली. आणि २०१९ च्या हंगामासाठी प्रशिक्षक म्हणून त्यांनी कोणाला आणले? त्याच अनुपकुमारला! खेळाडू म्हणून निवृत्त झालेला, हरयाणाचा, मुंबईचा पहिला कर्णधार, आता पुण्याच्या नव्या पोरांना शिकवू लागला. २०२१ च्या डिसेंबरात, साथीमुळे सगळे सामने प्रेक्षकांविना बंगळुरूत झाले त्या हंगामात, त्याच्या हाताखाली अस्लम इनामदार मैदानावर उतरला. अस्लम टाकळीभानचा, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला. त्याच्याबरोबर मोहित गोयत. पुढे नाशिककडचा आकाश शिंदे, पंकज मोहिते अशी आपल्या ओळखीच्या आडनावांची रांग लागली. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला पुणेरी पलटणीने अंतिम सामना २८-२५ असा जिंकला, तोही हरयाणाच्या संघाविरुद्ध, आणि चषक उचलणारा कर्णधार होता अस्लम.

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. त्या विजयात इराणच्या मोहम्मदरझा शाडलूईचा वाटा मोठा होता आणि त्याला पलटणीने २ कोटी ३५ लाखांना विकत घेतले होते. म्हणजे सगळे घरच्या पिठावर भागले असे नाही. शिवाय पुढच्याच हंगामात हरयाणाने विजेतेपद घेऊन उट्टे काढले. पण माझे मूळचे म्हणणे, की बाहेरचे आले म्हणून आपली पोरे मागे राहिली, ते टिकत नाही. हरयाणाच्या माणसाने आपल्या खेड्यातल्या मुलाला शिकवले तेव्हाच तो संघ खऱ्या अर्थाने पुण्याचा झाला. नव्या संघाच्या पहिल्या दोन वर्षांतल्या जयपराजयाला मी म्हणूनच फारसे महत्त्व देत नाही. त्या वर्षांत त्याने मैदानाबाहेर काय पेरले ते पाहावे.

आता प्रश्न आपला. टाकळीभानहून बालेवाडीला जाणारी वाट कशीबशी सापडली. जानेफळहून निघणारी वाट कुठे आहे?

आपल्याकडे कबड्डी नाही असे कोणी म्हणू नये. पोळा झाला, शिवजयंती आली की 'भव्य कबड्डीचे खुले सामने' अशी पत्रके मेहकर तालुक्यात गावोगावच्या पानठेल्यांवर चिकटतात. प्रत्येक गावात एक जय बजरंग नाहीतर जय हनुमान मंडळ असतेच. वर्गणी काढायची, काळ्या जमिनीवर दोन ट्रॉल्या मुरूम टाकायचा, पाणी मारून चोपायचा, फक्कीने रेषा आखायच्या आणि दिवा म्हणून थ्रेशरच्या ट्रॅक्टरचे हेडलाइट लावायचे. ज्याने आपली काळी जमीन पाहिलेली नाही त्याला मुरूमाचे मोल कळणार नाही. पावसाळ्यात ती पाय सोडत नाही आणि उन्हाळ्यात तिच्या भेगेत घोटा जातो. आपल्या महाविद्यालयाच्या मैदानाचे वेगळे वर्णन करण्याची गरज नाही, आपण सर्वच रोज तिथून जातो.

ह्या मातीचा आणि कबड्डीचा संबंध काही आजचा नाही. आपल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी थेट जर्मनीत गेले आणि तिथे त्यांनी कबड्डीसह आपले देशी खेळ करून दाखवले. प्रो कबड्डीचे दिवे लागण्याच्या अठ्ठ्याहत्तर वर्षे आधी! ज्या अमरावती विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत आपण खेळतो, त्याच अमरावतीची ही गोष्ट. पुढे बुवा साळवींसारख्या माणसांनी आयुष्य घालवले, आशियाभर हिंडले, तेव्हा १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धेत कबड्डीला पदक मिळू लागले. लीगने खेळ निर्माण केला नाही, तयार झालेला खेळ उचलला. ह्याबद्दल तिला दोष नाही, पण मालकी सांगताना तिने थोडे हळू बोलावे.

पण आता खेळ मॅटवर गेला आहे, आणि फरक इथे पडतो. मागच्या वर्षी आमचा मुलींचा संघ बाहेरगावी सामन्यांना गेला. कोठे, ते महत्त्वाचे नाही. तिथे मॅट होती. आमच्यातल्या कोणीही तोवर मॅटवर पाऊल ठेवलेले नव्हते. अनवाणी खेळता येणार नाही असे सांगितले गेले, म्हणून सात जणींसाठी मिळतील तसे बूट गोळा केले. माझे बूट भावाचे होते, पुढे कापूस कोंबून घातलेले. मातीत चढाई करताना पाय थोडा सरकतो, आणि त्या सरकण्यावरच आपण वळतो. हे अंगात इतके मुरलेले असते की त्याचा विचार करावा लागत नाही. मॅटवर बुटातला पाय सरकत नाही, रुतून बसतो. मी निदान रेषेपर्यंत गेले, उजव्या कोपऱ्यातल्या मुलीने घोट्याकडे सूर मारला, मी नेहमीसारखी झटक्याने वळले. अंग वळले, पाय तिथेच राहिला. गुडघ्यातून आवाज आला तो मला अजून ऐकू येतो. सामना आम्ही गमावला, आणि मला तीन महिने मांडी घालून जेवायला बसता आले नाही. आईचे म्हणणे, "आता बस झालं, पोरीच्या जातीले हे शोभत नाही." गुडघ्यापेक्षा ते वाक्य जास्त दुखले, कारण तिला द्यायला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

उत्तर का नव्हते, तेही सांगते. माझ्या वर्गातला एखादा मुलगा गुडघा फोडून घेतो तेव्हा घरी अस्लमचे नाव घेऊ शकतो. मी कोणत्या संघाचे नाव घेऊ? २०१६ मध्ये, लीगच्या चौथ्या हंगामात, महिलांचे तीन संघ उतरवले होते. फायर बर्ड्स, आईस दिवाज आणि स्टॉर्म क्वीन्स. आईस दिवाजची कर्णधार आपली अभिलाषा म्हात्रे होती. ३१ जुलैला हैदराबादला अंतिम सामना झाला आणि स्टॉर्म क्वीन्सने फायर बर्ड्सला अवघ्या एका गुणाने हरवले, २४-२३. एका गुणाने! ह्याहून रंगतदार सामना कोणाला हवा होता? पण तो एक हंगाम झाला आणि लीगने मुलींचे दार लावून घेतले. खो-खोचेही तेच. २०२२ च्या ऑगस्टमध्ये बालेवाडीला अल्टिमेट खो-खो सुरू झाली, सहा संघ, त्यात मुंबई खिलाडीज हा आपला नवा संघ. सारे पुरुषांचे. आणि २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला तेव्हा प्रियंका इंगळेच्या नेतृत्वाखाली भारताच्या मुलींनीही तो जिंकलाच ना? मुलींचे सामने कोणी पाहत नाही असे म्हणतात. न दाखवलेले सामने कोण पाहणार?

नाशिकच्या प्रशिक्षिका शैलजा जैन ह्यांची गोष्ट मी अनेकदा आठवते. इथे भारतीय संघाचे प्रशिक्षकपद त्यांना मिळाले नाही, म्हणून त्या इराणच्या मुलींना शिकवायला गेल्या. २०१८ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत त्या इराणी मुलींनी अंतिम सामन्यात भारतालाच २७-२४ ने हरवले. त्या दिवशी मी रडले होते. आता वाटते, मराठी बाईने शिकवलेला संघ जिंकला ह्याचा थोडा तरी अभिमान वाटायला हवा होता. पण तो अभिमान घ्यायला इराणला जावे लागते, ही काय रीत झाली?

आपल्यातले काही जण म्हणतील की महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, तेवढे पुरे. आहे, आणि त्याने अनेक घरे उभी राहिली. पण त्यासाठी लागणारी प्रमाणपत्रे वरच्या स्पर्धांची लागतात, वरच्या स्पर्धा मॅटवर होतात, आणि मॅट आपल्याला दिसते ती थेट सामन्याच्या दिवशी. नव्या पाटीवर लिहायला शिकवायचे नाही आणि परीक्षा मात्र तिच्यावरच घ्यायची, असा हा प्रकार.

लीगचा मालक जानेफळला येऊन मॅट अंथरील अशी माझी भाबडी समजूत नाही. माझे मत इतकेच आहे की जो संघ एखाद्या शहराचे, प्रदेशाचे नाव छातीवर लावतो, त्याने त्या प्रदेशातल्या तालुक्यांचे काही देणे मान्य करावे. दर हंगामात एका बड्या खेळाडूवर उधळल्या जाणाऱ्या रकमेतून तालुक्याच्या ठिकाणी किती मॅट येतील ह्याचा हिशेब ज्याने त्याने करावा. राष्ट्रीय स्पर्धेत विदर्भाचा संघ स्वतंत्रपणे उतरत आला आहे. तेव्हा उद्या विदर्भाच्या नावाचा व्यावसायिक संघ निघाला तर मी सर्वांत आधी टाळ्या वाजवीन, आणि दुसऱ्याच दिवशी विचारीन की त्यांचा मुलींचा संघ कुठे आहे आणि बुलढाणा जिल्ह्यात त्यांचा माणूस किती वेळा येऊन गेला.

आणि आपणही काही अगदीच हात बांधून बसलेलो नाही. ह्या वर्षी जिमखान्याच्या बैठकीत मी मॅटचा विषय काढला. रक्कम ऐकून सभागृहात जी शांतता पसरली ती पाहता मॅट लवकर येईल असे दिसत नाही. पण आमच्या क्रीडाशिक्षकांनी एक तोड काढली आहे. शेजारच्या मोठ्या गावात एका शाळेत मॅट आहे. महिन्यातून दोन रविवारी ती वापरू देण्याचे त्यांनी तोंडी कबूल केले आहे. एसटीचे भाडे आपले आपण. आईला हे मी सांगितले तेव्हा ती काही बोलली नाही. रविवारी सकाळी डब्यात तिने चार भाकरी जास्त बांधल्या होत्या.

मुलींच्या संघासाठी आतापर्यंत नऊ नावे आली आहेत, बारा हवीत. बाकीचे दिवस सराव मैदानावर संध्याकाळी पाच वाजता. मुरूम टाकून झाला आहे. बूट आपापल्या मापाचे आणावेत, भावाचे आणू नयेत.